सुभेदार आणि ब्रिगेडियर एका रांगेत: फौजी वळणाच्या मेसॉनिक लॉजविषयी

सातारा जिल्ह्यातले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता पुण्यात राहणारे एक गृहस्थ विचारतात: सोसायटीतल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी त्यांना आपल्या फ्रीमेसन लॉजमध्ये यायचं सुचवलं आहे. (फ्रीमेसनरी ही बंधुभाव आणि दानधर्म मानणारी पुरुषांची जुनी संघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा.) त्या लॉजमध्ये बरीचशी मंडळी फौजेतली आहेत. तिथे ऑफिसर आणि जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे शिपाई आणि ऑफिसर यांच्या मधल्या हुद्द्याचे, खरोखर बरोबरीने बसतात का? आत चालतं तरी काय? इंग्रजी कच्चं असेल तर निभेल का? आणि घरी काय सांगायचं?

मी बरीच वर्षं अशाच वळणाच्या एका लॉजमध्ये आहे. सेक्रेटरी होतो, एक वर्ष मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, खुर्चीत बसलो, आणि सध्या आल्मनरचं काम पाहतो, म्हणजे सदस्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या अडीअडचणींकडे लक्ष ठेवतो. तेव्हा जे सांगतो ते आतून पाहिलेलं आहे. विधीतल्या ज्या गोष्टी न सांगण्याचा शब्द दिला आहे तेवढ्या सोडून बाकी सगळं मोकळेपणाने सांगतो.

सुभेदारसाहेब, बरोबरीचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या मनात खरा तोच आहे. होय, बरोबरीने बसतात. पण ही बरोबरी आपोआप येत नाही. ती दर बैठकीला नव्याने पाळावी लागते, आणि ज्या लॉजमध्ये ती पाळायची सवय मोडते तिथे दोन-तीन वर्षांत जेसीओ मंडळी येईनाशी होतात. म्हणून कुठल्या लॉजमध्ये जायचं हे ठरवताना मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगतो.

आत एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. ब्रिगेडियर असो की हवालदार, नावाआधी ब्रदर. लॉजमधली पदं वेगळी: पूर्वेला मास्टर, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन, मग दोन डीकन, आतल्या दाराशी इनर गार्ड, बाहेर टायलर. यांतलं कुठलंही पद फौजेतल्या हुद्द्यावरून मिळत नाही. तुम्ही लॉजमध्ये कधी आलात आणि काम किती नीट शिकलात यावर ते ठरतं. त्यामुळे साठाव्या वर्षी आलेला मेजर जनरल स्टुअर्ड म्हणून सुरुवात करतो, म्हणजे जेवणाच्या वेळी ताटं-ग्लास बघायचे. त्याच संध्याकाळी मास्टरच्या खुर्चीत एखादा ऑनररी कॅप्टन बसलेला असतो, जो शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर पोचलेला असतो. मास्टरने हातोडी ठोकली की जनरलनेही उठायचं. युनिफॉर्ममध्ये येणाऱ्याने तलवार बाहेर काढून ठेवायची हा इंग्लंडमधल्या लॉजचा जुना रिवाज, त्याच्यामागेही हाच विचार आहे.

आमच्याकडे एक निवृत्त ब्रिगेडियर असेच उशिरा आले. पहिल्या वर्षी स्टुअर्ड म्हणून ते जेवणाच्या टेबलांमधून पाण्याचा जग घेऊन फिरायचे. एक नायब सुभेदार होते, ते ब्रिगेडियरसाहेब जवळ आले की खुर्ची मागे सारून उभे राहायचे. दर वेळी. शेवटी त्या वर्षीच्या मास्टरने, जे स्वतः एअरफोर्समधले वॉरंट ऑफिसर होते, सगळ्यांसमोर नियमच सांगितला: स्टुअर्ड वाढत असताना कोणीही उठायचं नाही, वाढणाऱ्याची अडचण होते. कोणाला लाज वाटली नाही आणि सवय सुटली. पण बाहेर पार्किंगमध्ये तेच नायब सुभेदार त्यांना कडक सॅल्यूट ठोकायचे आणि ब्रिगेडियरसाहेब तसाच घ्यायचे. हे मला पूर्णपणे योग्य वाटतं. लॉज फौजेची शिस्त मोडत नाही. त्या शिस्तीला धक्का न लावता दोन-तीन तास दोन माणसांना नुसती माणसं म्हणून भेटू देते.

फौजेचा आणि लॉजचा संबंध आजचा नाही. लंडनला पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजना सनद देणारी वरची संस्था, १७१७ साली झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत हा प्रकार पलटणींमध्ये पोचला. १७३२ साली आयर्लंडच्या ग्रँड लॉजने ब्रिटिश सैन्यातल्या एका पायदळ रेजिमेंटला, जी पुढे रॉयल स्कॉट्स म्हणून ओळखली गेली, फिरती सनद दिली. गावातलं लॉज गावातच राहतं. या सनदेवर गावाचं नाव नव्हतं, रेजिमेंटचं होतं. पलटण हलली की सनद, धर्मग्रंथ, ॲप्रन, पदांची चिन्हं सगळं एका पेटीत घालून सामानाच्या गाड्यांवर चढवायचं आणि नव्या मुक्कामी बराकीत नाहीतर तंबूत पुन्हा मांडायचं. आयर्लंडमागोमाग स्कॉटलंड आणि इंग्लंडनेही अशा सनदा दिल्या, आणि अमेरिका, कॅनडा, जिब्राल्टर, हिंदुस्थान असा फ्रीमेसनरीचा प्रसार बराचसा या पेट्यांमधूनच झाला. पलटण पुढे जायची, तिच्या लॉजमध्ये आलेली गावातली माणसं मागे उरायची, आणि ती स्वतःचं लॉज काढायची.

सैनिकांना याची ओढ का लागली हे तुम्हाला मी सांगायला नको. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, ओळखीचं कोणी नाही, घरचं पत्र यायला महिने, आणि लढाईपेक्षा तापाने जास्त माणसं जायची. अशा वेळी नव्या छावणीत एक दार असं असणं, जिथे आपण कोण हे विचारण्याआधीच आत घेतात, याची किंमत फार होती. आजही बदलीच्या नोकरीतली माणसं याच कारणासाठी येतात. जबलपूरहून बंगळुरूला आणि तिथून पुण्याला आलेला एक मेजर मला म्हणाला होता की प्रत्येक ठिकाणी मुलांची शाळा आणि लॉज या दोन गोष्टी त्याने आधी शोधल्या.

आता या इतिहासाची दुसरी बाजूही सांगतो, कारण बरोबरीचं तत्त्व नेहमी पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. १८१३ साली इंग्लंडमधल्या दोन ग्रँड लॉज एक झाल्या, त्यानंतरच्या नियमांत लष्करी लॉजसाठी अट होती की कॉर्पोरलच्या खालच्या माणसाला खास परवानगीशिवाय सदस्य करून घ्यायचं नाही, घेतलं तर सेवेकरी म्हणून. म्हणजे साधा शिपाई बाहेरच. लष्करी लॉजला कमांडिंग ऑफिसरची संमती लागायची आणि गावातल्या बिगरफौजी माणसांना दीक्षा देण्यावरही बंधन होतं.

आणि हिंदी, म्हणजे भारतीय, माणसांचं काय? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये १७३० साली, मद्रासला १७५२ साली आणि मुंबईत १७५८ साली लॉज सुरू झाली, पण ती गोऱ्यांची. अर्काटच्या नवाबाच्या थोरल्या मुलाला, उमदत-उल-उमराला, १७७०च्या दशकात त्रिचनापल्लीत दीक्षा मिळाली, तो अपवाद. राजघराण्यातल्या माणसासाठी दार उघडलं म्हणून इतरांसाठी उघडलं असं झालं नाही.

आपल्या पुण्याची गोष्ट तर मला विशेष जवळची वाटते. पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती, आणि १५ नोव्हेंबर १८२३ रोजी पुण्यात बॉम्बे आर्टिलरीचं 'ओरायन इन द वेस्ट' हे लष्करी लॉज सुरू झालं. तोफखान्याचं लॉज. सनद मद्रासकडच्या प्रांतिक ग्रँड लॉजने दिली होती. १८२५ साली त्यातले बिगरफौजी सदस्य वेगळे झाले आणि त्यांनी पुण्यातच 'लॉज ऑफ होप' काढलं. मग उघडकीला आलं की ओरायनची नोंद इंग्लंडला पोचलेलीच नाही. फी तर मद्रासच्या प्रांतिक लॉजकडे भरलेली, आणि मुंबई इलाख्यात सनद द्यायचा अधिकारच त्या लॉजला नव्हता. शेवटी १९ जुलै १८३३ ला इंग्लंडहून नवी सनद मिळाली. फौजेत कागद कुठे अडकला की किती वर्षं अडकतो हे तुम्ही-आम्ही अनुभवलेलं आहे. दहा वर्षं कायद्याने अस्तित्वच नसलेलं लॉज ती माणसं चालवत राहिली, याचं मला कौतुक वाटतं.

हिंदी लोकांसाठी दार उघडलं ते मुंबईत, आणि तेही एका फौजी डॉक्टरने. जेम्स बर्न्स हे मूळचे स्कॉटलंडचे, बॉम्बे आर्मीच्या वैद्यकीय सेवेतले. १८३६ साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांना पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमलं. १८४१च्या नोव्हेंबरात त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, काबूलच्या उठावात एकाच दिवशी मारले गेले. त्यानंतर दोनच वर्षांत, १८४३ साली, याच माणसाने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज हिंदी सदस्यांसाठी म्हणून स्थापन केलं. माणेकजी करसेटजी हे त्यामागच्या प्रमुख मंडळींपैकी. त्यांना मुंबईतल्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना म्हणून त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली होती. सुरुवातीचे सदस्य मुख्यतः पारशी आणि काही मुसलमान. हिंदूंना वेळ लागला. अनेक देव मानणाऱ्याला कसं घ्यायचं, असा वाद गोऱ्या मंडळींनी घातला होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना बऱ्याच झगड्यानंतर १८७२ साली प्रवेश मिळाला.

हे सगळं सांगायचं कारण, कर्नलसाहेब तुम्हाला जे आमंत्रण देत आहेत त्याच्यामागे दीडशे-दोनशे वर्षांची ओढाताण आहे. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या सनदेवरची काही लॉजही इथे अजून चालतात, आणि सगळ्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं असतं. मुंबईत स्टर्लिंग थिएटरजवळचा फ्रीमेसन्स हॉल तुम्ही कधी बाहेरून पाहिलाही असेल.

आता आत काय चालतं ते.

बैठक ठरलेल्या दिवशी. आधी समन्स येतं, म्हणजे कार्यक्रमपत्रिका: कोणाची दीक्षा, कोणाच्या नावावर मतदान, कोणता ठराव. काळा सूट, टाय. हजेरीच्या वहीत सही. ॲप्रन बांधायचं. नव्या सदस्याचं पांढरं, कोकराच्या कातड्याचं, तिसरी पायरी झाली की निळ्या काठाचं. मग सगळे आत जातात आणि टायलर दाराबाहेर उघडी तलवार घेऊन उभा राहतो. पूर्वी छावणीच्या गावांत हे काम बहुधा एखादा निवृत्त हवालदार किंवा सार्जंट करायचा. टायलरचं काम दिसायला साधं, पण मला वाटतं सैनिकाला ते सगळ्यात आधी कळतं. आतले निश्चिंत असावेत म्हणून एकाने बाहेर उभं राहायचं. नाझींच्या एस्टरवेगेन छळछावणीत १५ नोव्हेंबर १९४३ ला बेल्जियमच्या भूमिगत चळवळीतल्या सात कैद्यांनी सहा नंबरच्या बराकीत एक लॉज सुरू केलं. ज्या टेबलावर त्यांना काडतुसं निवडायला लावत त्याच टेबलाभोवती ते बसायचे, आणि पहारा देत होता एक कॅथलिक पाद्री, जो स्वतः फ्रीमेसन नव्हता. बहुतेक जण परत आले नाहीत. सिंगापूर पडल्यावर तिथल्या चांगी छावणीतल्या युद्धकैद्यांनीही आपल्या बैठका चालू ठेवल्या होत्या. पोट रिकामं असताना माणसं शब्दन् शब्द पाठ विधी का म्हणत बसली, हे लॉजमध्ये काही वर्षं काढल्यावर कळायला लागतं.

आत मधोमध धर्मग्रंथ ठेवलेले असतात. भारतात एकापेक्षा जास्त: गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिबांची प्रत, अवेस्ता. ज्याचा जो धर्म त्याने त्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. परमेश्वरावर, कोणत्याही नावाने का होईना, श्रद्धा हवी, ही एकच अट धर्माच्या बाबतीत आहे. त्यापुढे धर्म आणि राजकारण हे दोन विषय लॉजमध्ये काढायचे नाहीत. ज्याने पलटणीत सर्वधर्म परेड पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, हिशेब, मतदान. नव्या उमेदवारासाठी मतदान पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी होतं. पेटीत हात घालून गोळी टाकायची, कोणी कोणती टाकली हे कोणालाच कळत नाही. इथे कोणाच्या कमांडिंग ऑफिसरचा दबाव चालत नाही आणि कोणाची शिफारस पुरत नाही. त्यानंतर दीक्षेचा किंवा पुढच्या पायरीचा विधी. पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर, मास्टर. सगळी भाषा दगडकामाची आहे, कारण या संस्थेने आपली रूपकं मध्ययुगातल्या गवंड्यांकडून घेतली: काटकोन, कंपास, ओळंबा, घडवायचा दगड. दीक्षेला येताना अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढून ठेवावी लागते. घड्याळ, अंगठी, नाणी. त्याचा अर्थ विधीतच उलगडतो, तो आधी कळण्यात मजा नाही, म्हणून एवढ्यावर थांबतो.

शेवटी दानाची पिशवी फिरते. आपल्याकडे या पिशवीविषयी कोणी फारसं बोलत नाही, पण माझ्या दृष्टीने सगळ्या संध्याकाळचं मर्म तिच्यात आहे. पिशवीचं तोंड असं असतं की हात आत जातो, मूठ उघडते, रिकामा हात बाहेर येतो. कोणी पाचशेची नोट टाकली आणि कोणी दहाचं नाणं, शेजाऱ्यालाही दिसत नाही. पेन्शन ज्याची लहान त्याचा हातही तसाच आत जातो आणि तसाच बाहेर येतो.

मग जेवण. तुम्हाला पटकन कळावं म्हणून सांगतो, पलटणीतल्या बडाखान्यासारखं, म्हणजे सगळ्या हुद्द्यांच्या एकत्र जेवणासारखं, फक्त टोस्ट, म्हणजे कोणाच्या नावाने पेला उंचावणं, जास्त. टोस्ट झाला की सगळे जाड बुडाचे छोटे ग्लास एकाच वेळी टेबलावर आपटतात. याला 'फायर' म्हणतात आणि आवाज खरोखर एकदम सुटलेल्या फैरीसारखा यायला हवा, मागेपुढे झाला तर जुने सदस्य पुन्हा करायला लावतात. फ्रेंच लॉजमध्ये तर ग्लासाला तोफ आणि पेयाला बारूद म्हणायची पद्धत आहे. दारू घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. आमच्यात बरेच जण लिंबू सरबतावर फायर करतात आणि आवाज तितकाच येतो.

रात्री नऊचा टोस्ट मात्र वेगळा. नऊ वाजता घड्याळाचे काटे काटकोनात येतात, त्या वेळी गैरहजर बांधवांसाठी उभं राहायचं. इतर लॉजमध्ये 'गैरहजर' म्हणजे परगावी गेलेले, आजारी असलेले. आमच्याकडे सेक्रेटरी नावं वाचतो: कोणी लेहला, कोणी जहाजावर, कोणी बागडोग्र्याला. लंडनचा फ्रीमेसन्स हॉल, जो १९३३ साली खुला झाला, तो पहिल्या महायुद्धात पडलेल्या तीन हजारांहून अधिक इंग्लिश मेसन सैनिकांचं स्मारक म्हणून बांधला आहे. त्या वेळचे ग्रँड मास्टर ड्यूक ऑफ कनॉट स्वतः सैनिक, १८८६ ते १८९० या काळात बॉम्बे आर्मीचे सरसेनापती होते.

इंग्रजीचं विचारलंत. बहुतेक लॉजचं काम इंग्रजीत चालतं, आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत. लांबलचक वाक्यं पाठ करून, हातात कागद न घेता म्हणायची. अनेक जण, अगदी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलेसुद्धा, इथेच दचकतात. पण माझा अनुभव असा की पाठांतरात जेसीओ मंडळी ऑफिसरांच्या पुढे जातात. ज्या माणसाने वर्षानुवर्षं ड्रिलचे हुकूम, हत्यारांचे भाग, नकाशावाचनाचे धडे रिक्रूटांकडून घोकून घेतले आहेत, त्याला घोकायचं कसं हे शिकवावं लागत नाही. कराडकडचे आमचे एक सुभेदार मेजर होते. तालमीच्या दिवशी, म्हणजे मुख्य बैठकीच्या आधी रंगीत तालीम असते त्या दिवशी, ते तासभर आधी यायचे. रिकाम्या हॉलमध्ये ज्या जागेवर उभं राहून बोलायचं त्याच जागेवर उभे राहायचे, आणि प्रत्येक वाक्य पावलाशी बांधायचे. तिसऱ्या पावलाला हा शब्द, वळताना तो. वाक्याचा अर्थ मराठीत वहीत लिहून घेतलेला असायचा. त्यांच्या तोंडचं इंग्रजी साताऱ्याच्या वळणाचं होतं, पण एक शब्द चुकला नाही. पाठांतरात अडखळलात तर शेजारून हळूच शब्द सुचवायला एक जण नेमलेला असतो. हसत कोणी नाही. हसणारा असेल तर ते लॉज तुमच्यासाठी नाही.

घरी काय सांगायचं? जे आहे ते. पूर्वी लोक या इमारतींना जादूघर म्हणायचे, आणि आत भुतं बोलावतात असा समज होता. आज इंटरनेटवर त्याहून भलतंसलतं वाचायला मिळतं. वहिनींना सांगा की तुम्ही लॉजचे सदस्य आहात, कोणत्या दिवशी कुठे बसता, वर्गणी किती भरता. यातलं काहीही गुप्त नाही. ओळखीच्या खुणा आणि विधीतले काही शब्द एवढंच राखून ठेवायचं असतं. बैठकीत स्त्रिया नसतात, हे खरं आहे. वर्षातून काही कार्यक्रम सहकुटुंब होतात, आणि तिथे बायकांच्या एकमेकींशी ज्या ओळखी होतात त्या मी नंतर उपयोगी पडताना पाहिल्या आहेत.

कारण खरी कसोटी जेवणाच्या टेबलावर होत नाही. आमच्यातले एक हवालदार अचानक गेले. मुलगा परराज्यात, पत्नीला पेन्शनच्या कागदांतलं काहीच माहीत नाही. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत सापडेना, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्यांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरं. त्या वेळी मी आणि एक निवृत्त कर्नल, दोघं मिळून त्यांच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, मग बँकेत, मग ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डासाठी. कर्नलसाहेबांनी खिडकीवर स्वतःचा हुद्दा एकदाही सांगितला नाही. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर फाइल पुढे केली, आणि 'आमच्या भावाचे कागद आहेत' एवढंच म्हणाले. फॅमिली पेन्शन सुरू होईपर्यंत लॉजच्या निधीतून दर महिन्याला एक पाकीट जात होतं. ते कोण नेऊन देतं हे लॉजमध्ये दोघा-तिघांनाच ठाऊक होतं.

हा भाऊपणा आपल्या माणसांपुरताच असतो का, असं पूर्वी एकाने मला विचारलं होतं. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. १७७९च्या जुलैत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात स्टोनी पॉइंटचा ब्रिटिश मोर्चा अमेरिकनांनी रात्रीच्या हल्ल्यात घेतला. लुटीत ब्रिटिशांच्या १७व्या पायदळ रेजिमेंटच्या लॉजची सनद सापडली. अमेरिकन जनरल सॅम्युअल पार्सन्स हे स्वतः अमेरिकन युनियन या फिरत्या लष्करी लॉजचे सदस्य. त्यांनी ती सनद एका पत्रासोबत शत्रूकडे परत पाठवली. पत्राचा भाव असा, की राज्यकर्त्यांच्या भांडणात आपण समोरासमोर असलो तरी लॉजमध्ये आपण भाऊच आहोत. लढाई त्यानंतरही चालूच राहिली, दोघांपैकी कोणी कर्तव्यात कसूर केली नाही. दुसरी गोष्ट त्याच दशकातली, बोस्टनची. प्रिन्स हॉल आणि त्यांच्यासोबतच्या चौदा स्वतंत्र कृष्णवर्णीयांना ब्रिटिश पलटणीतल्या एका आयरिश लष्करी लॉजने दीक्षा दिली. १७८४ साली त्यांना इंग्लंडहून स्वतःची सनद मिळाली, आणि त्यातून उभी राहिलेली परंपरा आजही अमेरिकेत त्यांच्या नावाने चालते.

काही गोष्टींची आधीच कल्पना देतो. ओळखी वाढतील, मुलाला नोकरी लागेल, सिक्युरिटी एजन्सीला कंत्राट मिळेल, या आशेने येऊ नका. तसं मागणं हे शपथेच्या विरुद्ध आहे, आणि तसे आलेले टिकत नाहीत. लॉजमध्येही पदव्यांची एक शिडी आहे, सोनेरी काठाचे ॲप्रन आहेत, आणि आयुष्यभर खांद्यावर फीत मिरवलेल्या माणसाला तिचा मोह पडू शकतो. मला ही शिडी फार आवडत नाही. मास्टरची खुर्ची एक वर्षाची असते आणि वर्ष संपलं की ती सोडून परत रांगेत बसायचं, हे मला त्या सगळ्या सोनेरी कलाबतूपेक्षा मोठं वाटतं. खर्चही विचारून घ्या: दीक्षेची फी, वार्षिक वर्गणी, दर बैठकीच्या जेवणाचे पैसे, सूट. आकडे लॉजप्रमाणे बदलतात, सेक्रेटरी ते लेखी देतो. झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. कर्ज काढून किंवा घरखर्चाला चाट लावून फ्रीमेसन व्हायचं नाही, हे आम्ही प्रत्येक उमेदवाराला सांगतो. कोणी सेवेत असतानाच विचार करत असेल तर आपल्या युनिटकडून नियमांची खात्री करून घ्यावी.

तेव्हा कर्नलसाहेबांना लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. तुमच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सदस्यांच्या सह्या लागतील. कर्नलसाहेब सूचक होतील, तर अनुमोदक म्हणून लॉजमधल्या एखाद्या जेसीओची गाठ घालून द्या म्हणावं, आणि त्या माणसाला एकट्याला भेटा. मास्टरच्या खुर्चीत शिपायापासून वर आलेला माणूस गेल्या काही वर्षांत बसला आहे का, हे त्याला विचारा. मग आल्मनर कोण आहेत ते विचारून त्यांनाही भेटा, आणि वारलेल्या सदस्यांच्या किती घरी त्यांचं अजून जाणं-येणं आहे हे बघा. नावं ते सांगणार नाहीत, सांगूही नयेत, पण कामाबद्दल बोलताना माणूस कळतो. या दोन उत्तरांनी तुमचं समाधान झालं तर फॉर्म भरून द्या. वहिनींना सेक्रेटरींशी काही बोलायचं असेल तर तेही त्याच भेटीत होऊ द्या. पुष्कळ लॉज उमेदवाराच्या घरी येऊनच चौकशी करतात, चहाला बोलवा.